कवळीतला दाणा

दवाखान्यात त्यांना सगळे कवळीकाका म्हणायचे. त्यांचं खरं नाव फक्त हजेरीच्या वहीत होतं आणि ती वही माझ्याकडे असायची. मी दातांच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर बसते. फोन घ्यायचा, वेळ द्यायची, गाल धरून आलेल्या माणसाला ‘बसा, पाचच मिनिटं’ असं खोटं सांगायचं, हे माझं काम. चौदा वर्षं झाली. काका माझ्याही कितीतरी आधीपासूनचे. मागच्या खोलीत, खिडकीखालच्या लांब टेबलाशी बसून ते कवळ्या करायचे. डॉक्टरबाई तोंडाचं माप घेत. त्या मापावर काका प्लास्टरचा साचा ओतत, साच्यावर मेणाची कवळी उभी करत, तिच्यात एकेक दात लावत आणि शेवटी मेणाच्या जागी ती गुलाबी, कडक कवळी तयार होई.

त्यांच्यासारखा हात मी दुसरा पाहिला नाही. कवळी करायच्या आधी ते माणसाचा जुना फोटो मागायचे, हसतानाचा. एकदा एका शिंप्याला म्हणाले, “हा पुढचा दात तुमचा जरा वाकडा होता. सरळ लावला तर घरच्यांना वाटेल, परकाच कुणी येऊन बसलाय.” त्यांनी तो दात मुद्दाम तसाच वाकडा लावला. शिंप्याने आरशात पाहिलं आणि तिथेच खुर्चीत बसून रडायला लागला. बोळक्या तोंडाचं बोलणंही काकांना बरोबर कळायचं. दात नसलेला माणूस फस्‌ फस्‌ करत काहीतरी सांगायचा, डॉक्टरबाई माझ्याकडे बघायच्या, मी काकांकडे, आणि काका आतूनच ओरडायचे, “अहो, ते म्हणतायत, गोळी जेवणाआधी की जेवणानंतर!”

घरी काका आणि काकू खालच्या मजल्यावर राहायचे. वर थोरला भाऊ आणि वहिनी. मुलगी लग्न होऊन दूर गेलेली. थोरल्याला काका ‘दादा’ म्हणायचे, म्हणून आम्हीही त्यांना दादाच म्हणायचो. दादांनी तीस वर्षं बस चालवली. वडील लवकर गेले तेव्हा दादा सोळाचे होते. त्यांनी शाळा सोडली, कामाला लागले आणि धाकट्याला एका म्हाताऱ्या कारागिराच्या हाताखाली बसवलं. काका हे स्वतःच सांगायचे. “मला हात दिला तो दादाने. मी फक्त बोटं चालवली.”

आमच्याकडे पक्ष दोनच. मतपत्रिकेवर एकाची खूण शिडी, दुसऱ्याची किल्ली. काका शिडीवाले, दादा किल्लीवाले. मतदानाच्या दिवशी दोघे बरोबरच जायचे. दादा जिन्यातून हाक मारायचे, “चल रे, एकमेकांची मतं खोडून येऊ!” येताना दोघे कोपऱ्यावर चहा प्यायचे आणि ज्याचा पक्ष हरेल त्याला पुढची पाच वर्षं टोमणे. एवढंच होतं.

मग मुलीने काकांना मोठ्या पडद्याचा फोन पाठवला. काकांनी तो मेणाच्या डब्याला टेकवून टेबलावर उभा केला. आधी तिथे रेडिओ असायचा. सुरुवातीला ते लाकडावर कोरीव काम करणाऱ्यांचे व्हिडिओ बघायचे. एक संपला की फोन आपोआप दुसरा लावायचा, दुसऱ्यानंतर तिसरा. कोरीव कामातून तो सुतारांच्या मोर्चावर कसा गेला आणि मोर्चावरून त्या निवेदकावर कसा पोचला, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

तो निवेदक रोज अकराला यायचा. काका त्याला ‘आपला माणूस’ म्हणायचे. सुरुवात अगदी हळू आवाजात. “थांबा. जेवत असाल तर घास खाली ठेवा.” मग तो एखादी गोष्ट सांगायचा, किल्लीवाल्यांनी काय केलं त्याची. आवाज चढत चढत जायचा आणि शेवटी तो बोट रोखून विचारायचा, “राग येत नाही तुम्हाला? मग आरशात बघा, आत कुणी आहे का?” माझं घर शिडीवाल्यांचंच. दुपारचा डबा मी काकांच्या खोलीत खायचे. त्यामुळे रोज माझाही घास खाली राहायचा.

एकदा मी म्हटलं, “काका, हे बघून डोकं तापत नाही का?”

“तापतं ना. पण दिवस कसा गेला कळत नाही.” त्यांनी कवळी उजेडात धरली. “आधी चार वाजता मान दुखायची. आता दुखत नाही.”

मग तो व्हिडिओ आला. गर्दीत एका म्हाताऱ्याला कुणीतरी ढकलतं, तो पालथा पडतो आणि त्याची वरची कवळी रस्त्यावर घरंगळते. एक बूट येतो आणि तिला लाथ मारतो. दुसरा बूट ती परत पाठवतो. लोक हसतात. म्हातारा हातांवर रांगत दात शोधतो. ‘शिडीचा झेंडा हातात होता, हाच त्याचा गुन्हा,’ निवेदक म्हणाला आणि पुढे काहीच बोलला नाही. नुसता कॅमेऱ्याकडे बघत राहिला.

काकांनी तो व्हिडिओ किती वेळा पाहिला, देव जाणे. पडदा थांबवून, बोटांनी मोठा करून त्यांनी ती कवळी पाहिली. “हाताची आहे,” ते म्हणाले. “मशीनची नाही. कुणीतरी आठवडाभर बसलाय हिच्यासाठी.” त्यांचे डोळे भरले होते. त्या दिवशी त्यांनी एकही दात लावला नाही.

रविवारी दोन्ही मजल्यांचं जेवण एकत्र असायचं. तिथे काकांनी फोन दादांच्या पुढे धरला. पुढचं मला त्यांनीच सोमवारी सांगितलं, एकेक शब्द चावून.

दादांनी व्हिडिओ पाहिला. मग स्वतःचा फोन काढला, चष्मा लावला आणि पाच मिनिटं शोधलं. म्हणाले, “हे बघ. सहा वर्षांपूर्वीचं आहे. लांबच्या कुठल्या शहरातलं. सामना संपल्यावर स्टेडियमबाहेर दारू पिऊन झालेली मारामारी. झेंडाबिंडा कुठेय? ह्यात ना शिडी, ना किल्ली.”

काका म्हणाले, “कुणी सांगितलं?”

“इथे लिहिलंय. वाच. नाहीतर थांब, मी वाचतो, तुला डोळे आहेत पण डोकं कुठंय?” दादा मोठ्याने वाचायला लागले. वहिनी हसल्या. काकूही हसल्या, आणि ते काकांना जास्त लागलं. मग दादांनी कहरच केला. “दातांच्या भुशात बसून बसून मेंदूचं प्लास्टर झालंय तुझं. तुमच्यासारख्यांना मतदानाचा हक्कच नको द्यायला. आधी परीक्षा घ्यावी.”

“खोटं असलं म्हणून काय झालं?” काका म्हणाले. “तुम्ही लोक आहातच तसले.”

“तुम्ही लोक?” दादांनी चमचा ठेवला. “मी तुझा भाऊ आहे की तुम्ही लोक?”

काका ताट अर्धं टाकून उठले. त्या रविवारनंतर दोघे भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत.

न बोलता भांडायला घरात जागा पुष्कळ असते. पाण्याची टाकी वर होती. शिडीवाल्यांची सभा असली की त्या दिवशी खालचं पाणी बंद व्हायचं. काकांनी जिन्यातला दिवा काढून ठेवला. “मला दिसतं. ज्यांना अंधारातलं सगळं कळतं त्यांनाही दिसत असेल.” वर दादांचा टीव्ही मोठा झाला. त्यांच्या चॅनलवरही एक निवेदक होता, तोही असाच. फरक एवढाच की तो आधी ओरडायचा आणि मग हळू व्हायचा. काकू आणि वहिनी मात्र एकमेकींना वाटीभर काही ना काही देत राहिल्या, चोरून, जिन्याच्या वळणावर.

याच सुमाराला गणिताच्या बाई दवाखान्यात आल्या. निवृत्त शिक्षिका, पदराला चांदीची किल्ली लावलेली. मला फॉर्म भरून देताना म्हणाल्या, “नाव नीट लिही हं. शिडीवाल्यांच्या राज्यात शुद्धलेखनही गेलंय.” मी हसून घेतलं, पण ते बोचलं.

मेणाची कवळी तोंडात बसवून बघायचं काम काकाच करायचे. तोंडात मेण असताना माणसाला बोलता येत नाही. काका बाईंना सांगत होते, किल्लीवाल्यांनी काय काय केलं, स्टेडियमबाहेरच्या म्हाताऱ्याचंसुद्धा. बाई मान हलवत होत्या, नाही नाही करत होत्या. “हलू नका,” काका मायेने म्हणाले. “माप चुकेल.”

बाई कवळी घेऊन गेल्या आणि चौथ्या दिवशी परत आल्या. हिरडीला फोड. डॉक्टरबाईंनी कवळी आत पाठवली. काकांच्या कामाला त्या स्वतः कधी कानस लावायच्या नाहीत. काकांनी यंत्रावर घुर्र घुर्र केलं आणि परत दिली. आठ दिवसांनी बाई पुन्हा आल्या. मग पुन्हा. आता त्या कवळी पिशवीत घालून यायच्या आणि बोलायला लागल्या की ‘स’चा ‘फ’ व्हायचा. “फगळं फुजलंय,” त्या म्हणाल्या. मी रजिस्टरमध्ये तोंड घालून हसले.

दुपारी डबा खाताना काका म्हणाले, “साखरेच्या दाण्याएवढा.”

“काय?”

त्यांनी अंगठ्याचं नख दाखवलं आणि नखाच्या टोकावर दुसऱ्या बोटाने टिंब ठेवलं. “आतल्या बाजूला एवढा उंचवटा ठेवायचा. डोळ्याला दिसत नाही. जिभेलाही लागत नाही. फक्त चावलं की हिरडीला लागतो. शिकवतील आता गणित.”

मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, “काका, तुम्ही पण ना!” आणि पुन्हा हसले. नंतर पुष्कळ वेळा वाटलं की त्याच वेळी उठून डॉक्टरबाईंकडे जायला हवं होतं. पण माझ्या हातात चमचा होता, फोनवर आपला माणूस बोलत होता, आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं होतं.

पुढच्या सहा महिन्यांत असे आणखी सात जण झाले. काका प्रत्येकाला विचारायचे, “काय म्हणतायत बातम्या?” उत्तरावर दाणा ठरायचा. एक रखवालदार होता, तो दर वेळी माफी मागायचा, “माझंच तोंड वाईट आहे, काका, तुमचा काही दोष नाही.” एका आजीने कवळी घालणंच सोडलं आणि नातीच्या लग्नाच्या फोटोत तोंड मिटून उभी राहिली. शिडीवाल्यांच्या कवळ्या मात्र लोण्यासारख्या बसायच्या. डॉक्टरबाई म्हणायच्या, “काकांचं वय होत चाललंय वाटतं. कधी कधी चुकतात.” हे मी आत जाऊन सांगितलं तेव्हा काकांना फार राग आला. चुकण्याचा आरोप त्यांना सहन झाला नाही.

दादांचे उरलेसुरले दात त्याच वर्षी गेले. त्यांना साखरेचा आजार होता, हिरड्या आधीच सैल झालेल्या. ते म्हणत होते, दुसरीकडून कवळी करून घेतो. वहिनींनी ऐकलं नाही. त्या दादांचा दंड धरून त्यांना दवाखान्यात घेऊन आल्या आणि माझ्यासमोर त्यांना म्हणाल्या, “घरात एवढा कारागीर असताना परक्याच्या हातात तोंड द्यायचं? लोक काय म्हणतील?” मग माझ्याकडे झुकून हळूच, “तेवढ्या निमित्ताने बोलतील गं.”

दोघे भाऊ समोरासमोर आले. काकांनी भावाचा खालचा ओठ अंगठ्याने बाजूला केला आणि डॉक्टरबाईंना म्हणाले, “पेशंटला सांगा, आ करा.” दादा डॉक्टरबाईंना म्हणाले, “कारागिराला सांगा, केलाय.” वहिनी दारात उभ्या होत्या, त्यांच्या चेहऱ्यावर अजून आशा होती.

त्या कवळीवर काका नऊ दिवस बसले. मी आत गेले की दिसायचं, पुढ्यात दादांचा जुना फोटो, बसच्या दारात उभे, दात काढून हसताहेत. दात असे लावले होते की कवळी नुसती टेबलावर पडलेली असली तरी ती दादांची आहे हे कळावं. एवढं सुंदर काम त्यांनी आधी केलं नव्हतं. मला वाटलं, वहिनींचं ऐकलं देवाने.

दादांनी कवळी घातली, दात दोनदा मिटले. मी त्यांच्याकडे बघत होते. दुसऱ्यांदा मिटताना त्यांच्या डोळ्याखालची शीर हलली. डॉक्टरबाईंनी विचारलं, “कुठे लागतंय का?”

दादांनी काकांकडे पाहिलं. काका हात पुसत होते.

“उत्तम बसली,” दादा म्हणाले.

ते गेल्यावर मी आत गेले. “काका, दादांच्यात पण?”

“त्याच्यात दोन.”

“अहो, भाऊ आहे तुमचा.”

“एकदा म्हणू दे, दुखतंय. माझ्याकडे येऊन म्हणू दे. वीस सेकंदांचं काम आहे. कानस फिरवली की झालं.” त्यांनी फोन नीट टेकवला. “म्हणणार नाही तो. मी ओळखतो ना त्याला.”

खरंच, दादा म्हणाले नाहीत. वहिनींनी नंतर सांगितलं, रोज कवळी काढली की पाण्यात रक्ताचा धागा दिसायचा. त्यांनी खाली जायला जिन्यावर पाय ठेवला की दादा वरून म्हणायचे, “मला दुखतंय हे त्या शिडीवाल्याला कळलं तर या घरात मी राहणार नाही.” भावाला ते आता ‘शिडीवाला’च म्हणायचे. बाहेर जाताना ते कवळी घालायचे, दवाखान्यातल्या काकांच्या खिडकीवरून जाताना मुद्दाम हसायचे, सगळे दात दाखवून. काका खिडकीतून बघायचे. “बघ, हसतोय,” ते मला सांगायचे. “मरेल पण हसेल.” त्यांच्या आवाजात थोडं कौतुकही असायचं.

दोन महिन्यांत दादा निम्मे झाले. दुधात बुडवलेला पाव आणि पातळ सूप, तेही अर्धं. मी त्यांना रस्त्यात पाहिलं तेव्हा सदऱ्याची कॉलर मानेपासून दोन बोटं सुटली होती. काकांना म्हटलं, “घासून टाका हो आता. काहीतरी निमित्त काढून मागून घ्या.”

“तू कुणाच्या बाजूची आहेस?” काका म्हणाले.

हा प्रश्न त्यांनी साधाच विचारला, रागावून नाही. पण मी बाहेर माझ्या टेबलावर येऊन बसले आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

एका सकाळी दादांनी साखरेची गोळी घेतली. गोळीनंतर खायचं असतं. वहिनींनी टोस्ट दिला, तो चावेना म्हणून त्यांनी बशी सरकवली आणि म्हणाले, पेपर घेऊन येतो, मग बघू. रिकाम्या पोटी गोळीने साखर उतरली. जिन्याच्या मधल्या वळणावर त्यांना घेरी आली. दिवा नव्हताच. ते खाली आले ते थेट काकांच्या दारात, खुब्याचं हाड मोडून.

काकांनीच त्यांना उचललं, गाडी आणली, इस्पितळात नेलं. हे सगळं त्यांनी पटापट आणि नीट केलं, शेजाऱ्याचं करावं तसं. मग घरी येऊन हात धुतले आणि कामावर आले. अकरा वाजायच्या आत.

दादा बारा दिवस इस्पितळात होते. हाडाचं ऑपरेशन झालं, मग छातीत कफ भरला. इस्पितळातल्या डॉक्टरांनी तोंड पाहून विचारलं, एवढ्या जखमा कशाच्या? वहिनींनी कवळी काढून रुमालात बांधून ठेवली. नवव्या दिवशी काकू रडून रडून काकांना भेटायला घेऊन गेल्या. दादांचं तोंड पुन्हा बोळकं झालं होतं. ते काकांकडे बघून काहीतरी बोलले. वहिनी खाटेवर वाकल्या. “काय म्हणाले? भाऊजी, तुम्हाला कळतं ना, काय म्हणाले?”

“नाही कळलं,” काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं. काका प्लास्टर कालवत होते.

“खरंच कळलं नाही?”

“न कळायला काय झालं?” ते म्हणाले. “म्हणाला, यंदा तुम्ही पडणार.”

निवडणूक तीन आठवड्यांवर होती.

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“मनात म्हटलं, बघू.”

तिसऱ्या दिवशी दादा गेले.

पंधरवड्याने वहिनी दवाखान्यात आल्या आणि काउंटरवर रुमाल ठेवला. “हिला तपासा,” एवढंच म्हणाल्या. डॉक्टरबाईंनी कवळी दिव्याखाली धरली, आतून बोट फिरवलं, मग भिंग घेतलं. दोन उंचवटे होते, डावीकडे एक, उजवीकडे एक, नेमके जिथे हाडावरची हिरडी सर्वांत पातळ असते तिथे. कवळी करताना कधी कधी चुकून बुडबुडा राहतो, पण तो खडबडीत असतो. हे दोन्ही गुळगुळीत होते. त्यांना पॉलिश केलेलं होतं.

डॉक्टरबाईंचा चेहरा पांढरा पडला. वहिनींना म्हणाल्या, “कवळी थोडी उंच झाली होती. चूक आमची. आम्हाला माफ करा.”

“चूक?” वहिनी म्हणाल्या. “भाऊजींच्या हातून?” मग रुमाल घेतला, कवळी घेतली आणि गेल्या.

डॉक्टरबाईंनी आतलं दार लावलं, तरी मला सगळं ऐकू येत होतं.

“किती जणांच्या?”

काकांनी सांगितलं. नऊ, दादांना धरून.

“का?”

“त्या लोकांनी आमच्या माणसांचे दात पाडले.”

“कुणाचे? एकाचं नाव सांगा.”

काका म्हणाले, “बाई, तो बोलला असता तर मी काढला असता. शपथेवर सांगतो. तो तोंड उघडून बोललाच नाही.”

त्यांना त्याच दिवशी घरी पाठवलं. दवाखान्याचं नाव जाईल म्हणून बाहेर काही गेलं नाही. उरलेल्या आठ जणांना मी फोन केले, ‘वार्षिक तपासणी आहे, कवळी घेऊन या’ म्हणून. डॉक्टरबाईंनी स्वतः कानस फिरवली. मी घड्याळ लावून पाहिलं. वीस सेकंदही लागत नाहीत. रखवालदाराने कवळी घालून बिस्कीट खाल्लं आणि डॉक्टरबाईंच्या हाताला डोकं लावलं. गणिताच्या बाई मला म्हणाल्या, “तुला सांगते, माणसं इथली चांगली आहेत. पक्ष काहीही असो.”

संध्याकाळी डॉक्टरबाईंनी मला आत बोलावलं. “तू रोज त्यांच्याबरोबर जेवायचीस. तुला माहीत होतं?”

“नाही,” मी म्हणाले.

निवडणूक झाली. शिडीवाले जिंकले. आमच्या गल्लीत फटाके वाजले आणि काकूंनी म्हणे खिडक्या लावून घेतल्या.

मला राहवेना म्हणून एका दुपारी मी वहिनींना भेटायला गेले. काकांच्या बंद दारावरून वर चढले. वहिनींच्या खोलीत टीव्ही चालू होता, दादांचाच चॅनल. त्यांनी आवाज कमी केला नाही. माझा हात धरून म्हणाल्या, “तू आमच्यातलीच ना? किल्लीवाली? मला पहिल्या दिवसापासून वाटायचं.”

मी म्हटलं, “हो.”

“चॅनलवाले येऊन गेले. शुक्रवारी मला बोलावलंय. सगळं सांगणार आहे, शिडीवाल्यांनी माझ्या नवऱ्याला कसं मारलं ते.” भाऊजी, दीर, धाकटा, यातला एकही शब्द त्यांच्या तोंडी आला नाही. “चॅनलची ती मुलगी म्हणाली, रडू आलं तर थांबवू नका. कवळी हातात धरा, म्हणाली. इकडे अशी, कॅमेऱ्याकडे.” त्यांनी करून दाखवलं. मग विचारलं, “आवाज बरा वाटतो का गं माझा? कापतोय का?”

“बरा वाटतो,” मी म्हटलं. “जरा हळू बोला. कळायला हवं.”

शुक्रवारी त्या फार चांगलं बोलल्या. निवेदकाने सुरुवातीला आरडाओरडा केला, मग एकदम हळू आवाजात विचारलं, “ताई, आज तुम्हाला त्यांच्याबद्दल काय वाटतं?” वहिनी म्हणाल्या, “त्यांचा एकही माणूस सुखाने जेवू नये.” तेवढंच वाक्य नंतर आठवडाभर सगळ्यांच्या फोनवर फिरलं. रविवारी वीस-तीस लोक घराखाली जमले. काचा फुटल्या. कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याने काकूंना पाव द्यायला नकार दिला. त्याच काकू, ज्या जिन्याच्या वळणावर वहिनींना वाटी द्यायच्या. त्या वर हाका मारत राहिल्या, “वहिनी, अहो वहिनी, मी काय केलं हो?” वरचं दार उघडलं नाही.

त्या आठवड्यातच काका-काकू मुलीच्या गावी निघून गेले.

मागच्या महिन्यात त्या गावातल्या एका दातांच्या दवाखान्यातून फोन आला. तिथले डॉक्टर तरुण वाटले, आवाजावरून. त्यांच्याकडे एक वयस्कर कारागीर कामासाठी आलेत, आधीच्या जागेचा नंबर म्हणून हाच दिलाय. माणूस कसा आहे? भरवशाचा आहे का?

डॉक्टरबाई आत पेशंट बघत होत्या. त्यांना फोन द्यायला मी उठलेही होते. मग मनात आलं, बाई सगळं सांगतील, तिकडून चौकशी होईल, कुणीतरी काकांना विचारेल, आणखी कुणाला माहीत होतं? मी परत बसले.

“हात सोन्याचा आहे,” मी म्हटलं. “ठेवून घ्या.”

“अरे वा!” ते म्हणाले. “आमच्याकडे म्हाताऱ्या पेशंटची रांग लागलेली असते. इथे सगळे किल्लीवाले आहेत, बडबड फार करतात. त्यांना चालेल ना?”

मी म्हटलं, चालेल. आणि समोर गाल धरून बसलेल्या बाईंना हाताने खूण केली, पाचच मिनिटं.